सतरा नंबरचा जोडबिल्ला

मी, हौसाबाई कमळाकर मोकल, वय वर्षे ७९, धंदा पूर्वी उतारा, म्हणजे उतारूंच्या मुक्कामाचे घर, चालवणे, सध्या नुसते बसणे, राहणार जुनी बाजारपेठ, पेण, जिल्हा रायगड, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या पुतण्याचा त्यावर विश्वास नाही. कोणाच्या धाकाने मी हे लिहीत नाही. धाक घालून पाहिला होता, तो जुमानला नाही, म्हणूनच लिहायची वेळ आली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले व हेच शेवटचे समजावे.

मी त्या काळची सातवी पास आहे. धरमतरच्या मिठागरावरच्या मुलीला सही येते याचेच तेव्हा कौतुक व्हायचे. त्यामुळे हे शब्द माझेच आहेत, वकिलाने घातलेले नाहीत.

कलम १. पेण येथील जुन्या बाजारपेठेतली कौलारू दुमजली इमारत, पुढची ओटी, मागचे अंगण व विहीर यांसह, जिला लोक 'हिरामणचा उतारा' म्हणतात, ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. माझे यजमान कै. कमळाकर यांनी हयातीतच नोंदणी करून ती मला बक्षीस दिली. तिच्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. माझ्यामागे ही सर्व मिळकत राणी हिला मिळावी. राणी म्हणजे या घरात पन्नास वर्षे राहत असलेली बाई, वय अंदाजे ५३. तिचे आडनाव लिहिलेले नाही. का नाही, ते कलम ६ मध्ये येईल.

आता हा उतारा काय होता तेही लिहून ठेवते, कारण उद्या तो पाडला तर सांगायला कोणी उरणार नाही. माझे सासरे हिरामण मोकल मिठाच्या गाड्या हाकायचे. धरमतरच्या बंदरावरून मीठ घाटावर जायचे आणि घाटावरून ज्वारी, गूळ, मिरची खाली यायची. पेणेत बैल दमायचे, माणसेही दमायची. मामंजींनी ही जागा घेतली, खाली बैल बांधले आणि वर माणसे निजवली. पुढे लाँचने येणारे आले, मग एसटीचे आले. गणपतीच्या मोसमाआधी मूर्ती ठरवायला मुंबईचे व्यापारी यायचे, तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा माणूस झोपलेला असायचा. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकट. ज्याला सुकटीचा वास खपत नाही त्याने पनवेल गाठावे, असे मामंजी तोंडावर सांगायचे. मग रेल्वे रोह्यापर्यंत गेली. सकाळी बाजाराला आलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवू लागला. लोकांचे भले झाले, आमचे बसले. २००९ साली मी स्वतः दाराला आतून कडी घातली.

कलम २. वरच्या मजल्यावरच्या चौदा खाटा जोह्याचे मूर्तिकार विलास ठाकूर यांना द्याव्यात. त्यांच्या कारखान्यात मूर्ती सुकत ठेवायला फळ्या कमी पडतात. माणसे निजायची तिथे देव वाळतील, चालेल. विलास यांनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. गणपतीचे डोळे आखणारा माणूस आहे, हात थरथरत नाही आणि मध्ये बडबडत नाही.

कलम ३. माझे पुतणे निकेश यांना दारावरची पाटी द्यावी. 'मोकल बोर्डिंग-लॉजिंग' अशी अक्षरे आहेत, नाव त्यांचेही तेच आहे, भिंतीवर लावता येईल. इमारत पाडून गाळे काढायचा नकाशा त्यांनी मला न विचारता करून आणला होता. त्यात राणीची खोली कुठे, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "काकी, कामवालीला कुठं नकाशात दाखवतात?" वा रे बहाद्दर! निकेश, तुला ताप आला की तुझ्या उशाशी कोण बसायची ते आठव. आठवत नसेल तर पाटीकडे बघत बस. त्यांची बायको भाविका हिला मात्र तांब्याचा मोठा बंब द्यावा. ती आली की आधी राणीला हाक मारते, मग मला.

कलम ४. बँकेत जे काही असेल त्यातून माझे दिवस करावेत, उरेल ते राणीचे. पिंडाला कावळा शिवला नाही तर कोणी थांबून राहू नये. का शिवला नाही ते मला ठाऊक असेल.

कलम ५. गल्ल्याच्या खणात पितळी बिल्ल्यांची लाकडी पेटी आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिते. उतारू सामान ठेवून कामाला जायचे, कोणी महिन्याने परतायचे, कोणी वर्षाने. मामंजींनी चाळीस जोड्या बिल्ले पाडून घेतले. एकाच आकड्याचे दोन. एक सामानाला बांधायचा, एक मालकाच्या हातात. बिल्ला दाखवेल त्याला माल. बिल्ला नसेल तर सख्खा बाप आला तरी नाही. घाटावरचा एक मिरचीवाला अकरा वर्षांनी आला. त्याला स्वतःला माळ्यावरचे गाठोडे ओळखता येईना. बिल्ला मात्र त्याने कमरेला जपला होता. मामंजींनी गाठोडे झटकून त्याच्या पुढ्यात ठेवले. त्यात एक घोंगडी आणि मुलीसाठी घेतलेल्या बांगड्या होत्या. मुलगी तोवर सासरी गेली असेल. माणूस ओटीवर बसून रडला आणि मामंजींच्या पाया पडून गेला. साऱ्या बाजारात म्हणायचे, हिरामणच्या उताऱ्यात ठेवलेली वस्तू म्हणजे देवाच्या गाभाऱ्यात ठेवलेली.

चाळीसच्या चाळीस जोड्या आज पेटीत असायला हव्यात. एकोणचाळीस आहेत. सतरा नंबरचा एक बिल्ला माझ्या ट्रंकेत आहे आणि दुसरा राणीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. तिला वाटते तो देवाचा आहे.

कलम ६. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. खाई त्याला खवखवे. पन्नास वर्षे खवखवते आहे.

गंगी हिलम नावाची कातकरी बाई उताऱ्याला लाकडाच्या मोळ्या घालायची. वाडी तेव्हा पेणच्या डोंगराला होती, आता रोह्याकडे नदीच्या काठाला आहे. वय विशीबाविशीचे. त्या लोकांना आम्ही ओटीच्या वर येऊ देत नव्हतो. चहा द्यायचो तो वेगळ्या जर्मनच्या कपात, आणि कप तिनेच विसळून पालथा घालायचा. असे सगळेच करायचे, पण सगळे करतात म्हणून माझे पाप कमी होत नाही. दिवाळीनंतर ठेकेदाराचा ट्रक यायचा आणि वाडीच्या वाडी कोळशाच्या भट्टीवर निघून जायची, ती वैशाखात परतायची. १९७४ सालच्या दिवाळीनंतर गंगी मोळी न घेताच आली. कडेवर दोन वर्षांची पोर होती आणि तिची छाती घरघरत होती.

गंगी म्हणाली, "भट्टीच्या धुरात ही वाचायची नाय. पहिली पोर तिथंच गेली माझी. वैशाखापातूर ठेवा. मी येतंय."

मामंजी म्हणाले, "ठेव. आमच्या हौसाच्या हाताला पण काम होईल."

माझ्या लग्नाला तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि मला मूल नव्हते. सगळा बाजार मला त्या नावाने ओळखत होता.

पोर खाली ठेवून गंगी निघाली, आणि पायरीवरून परत फिरली. म्हणाली, "बिल्ला द्या."

मामंजी हसले. "अगो, बिल्ला सामानाला असतो."

"सगल्यांना देतंव ना? मंग मना पण द्या."

मामंजींनी हसतच सतरा नंबरची जोडी काढली. एक पोरीच्या गळ्यात बांधला, एक गंगीच्या हातात दिला. गंगीने तो पदराच्या टोकाला बांधून तीन गाठी मारल्या. पोरीचे नाव तिने मला सांगितले होते. रजिस्टर माझ्याकडेच असायचे. मी त्यात लिहिले, 'मुलगी, एक'. नाव लिहिले नाही.

ती पोर माझ्या दुधावर नाही, पण माझ्या जागरणावर वाचली. ओव्याचा शेक, वेखंड, डॉक्टरांची औषधे. माघ सरता सरता तिची छाती मोकळी झाली. फाल्गुनात ती मला 'आये' म्हणाली. तिथे माझी मती फिरली.

वैशाखात भर दुपारी गंगी आली. मामंजी आणि यजमान बंदरावर गेले होते, सासूबाई माहेरी होत्या. मी गल्ल्यावर एकटी होते. पोर आतल्या खोलीत माझ्या लुगड्याच्या झोळीत झोपली होती. गंगी भट्टीवरून काळी होऊन आली होती. तिने पदराची गाठ सोडली आणि बिल्ला माझ्यापुढे ठेवला.

मी म्हणाले, "ती गेली गो. माघात ताप आला. खूप केलं आम्ही."

गंगी ओरडली नाही. तिने विचारले, "कुठं ठेवली?"

मी खाडीकडे हात केला.

ती त्या दिशेला बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "माल नाय तं बिल्ला काय कामाचा." बिल्ला तिथेच ठेवून ती पायऱ्या उतरली. मी तिला पाणीसुद्धा विचारले नाही. आत पोर उठून रडायला लागेल याची मला भीती होती.

मामंजींना आणि यजमानांना मी सांगितले की गंगीने पोर आपल्यालाच देऊन टाकली. ते दोघे मरेपर्यंत तेच खरे मानत होते. त्यांच्याकडे दोष नाही. दोष एकटीचा आहे आणि तो माझा आहे.

बरे, चोरून घेतली ती घेतली, निदान लेक म्हणून तरी सांभाळावी! तेही धड केले नाही. सासूबाई तिला चुलीपाशी येऊ देईनात. बाजार विचारायला लागला, ही कोणाची. मी हळूहळू तिच्या हातात केरसुणी दिली. शाळा चौथीपर्यंत. दत्तकाचा कागद केला नाही, कारण कागद करायला गेले तर आईची सही लागेल. लॉजच्या रजिस्टरात पोलिसांना दाखवायला दर महिन्याला तिचे नाव मी मुक्कामी म्हणून लिहीत गेले. रेशनकार्डात नात्याच्या रकान्यात 'इतर' लिहिले. तिला दोन स्थळे आली होती. जात कोणती, असे त्यांनी विचारले आणि मी गप्प बसले. 'आये'चे 'बाई' कधी झाले ते मला आठवते आहे. ती नऊ वर्षांची होती, घरी पाहुणे बसले होते, आणि मीच तिला तसे म्हणायला सांगितले होते.

उतारा जितकी वर्षे चालला, तेवढ्या वर्षांत ठेवलेली वस्तू एकदाच परत दिली गेली नाही. ती माझ्या हाताने.

दोन वर्षांपूर्वी पावसाआधी कौलं चाळायला विलास यांनी त्यांच्या कारखान्यातला एक माणूस पाठवला, चंदर हिलम. आडनाव मी त्याला दोनदा विचारून घेतले. राणीने त्याला जेवायला वाढले. तो म्हणाला, "ताई, तुमच्या हातची भाकरी खाल्ली हे आईला सांगायचं नाय. ती या आळीतून जात नाय. म्हणते, त्या घरात माझी पोर मेली." राणी चुकचुकली आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी घातली. मी खिडकीपाशी बसले होते. भाऊ बहिणीच्या हातचे जेवत होता आणि मी दोघांना बघत होते. तेव्हा तोंड उघडले असते तर आज हे लिहावे लागले नसते. नाही उघडले. म्हातारपणी राणीही गेली तर मला पाणी कोण देईल, एवढाच विचार माझ्या मनात आला. खरे ते लिहिते.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी विलास यांनी कलम ६ राणीला वाचून दाखवावे, ट्रंकेतला बिल्ला तिला द्यावा आणि तिला रोह्याला गंगीकडे न्यावे. आधी सांगू नये. माझ्यात ती हिंमत नाही.

येणेप्रमाणे लिहिले. तारीख ३ मे २०२५.

पुरवणी. कलम ७ मी रद्द करते. कारण खाली देते.

सह्यांसाठी ६ मे, मंगळवार रोजी विलास आणि चंदर यांना बोलावले होते. चंदरला साक्षीदार मुद्दाम नेमला होता. त्याला न कळता का होईना, बहिणीच्या कागदावर भावाची सही असावी, असे मला वाटले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते हे मला वकिलाने सांगितले होते. मी चौथ्या पानाची फक्त खालची बाजू त्याच्यापुढे केली.

चंदरने पेन खाली ठेवले. म्हणाला, "आजी, राग मानू नका. आधी वाचून दाखवा. आमच्या बापानं भट्टीवाल्याच्या कागदावर न वाचता अंगठा दिला, त्यात सहा वरसं गेली आमची. आईनं शपथ घातलीय, वाचल्याबिगर सही करायची नाय."

विलास म्हणाले, "अरे, नुसती साक्ष आहे."

"व्हय. तरी पण वाचा."

काय करणार? मी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पाटीचे कलम ऐकून चंदर हसला. पाचव्या कलमाशी राणी चहा घेऊन आली. आपले नाव ऐकून ती ट्रे हातात धरून दाराशी उभी राहिली. मी थांबले. विलास माझ्याकडे बघत होते, चंदर बघत होता. पान उलटून शेवटची तारीख वाचता आली असती, आणि ते मनात आलेही होते. पण ज्याला कागद वाचून न दाखवता फसवले गेले त्याचा मुलगा समोर बसला होता. मी सहावे कलम वाचले. पूर्ण वाचले. गंगीचे शब्द गंगीच्याच बोलीत वाचले.

राणीने ट्रे खाली ठेवला. गळ्यातला दोरा काढून बिल्ला उलटसुलट करून पाहिला, जसा कधी पाहिलाच नव्हता. माझ्याकडे न बघता तिने विचारले, "माझं नाव काय व्हतं?"

मला आठवत नाही. तीन दिवस लिहीत बसले होते तेव्हाही आठवून आठवून पाहिले होते. तिला मी एवढेच म्हणू शकले, "राणी, विसरले गो मी."

तिने चंदरला विचारले. तो म्हणाला, "आईनं ते नाव परत तोंडातून काढलं नाय. तीच सांगेल. पण ताई, तेरावा-बिरावा नको. आईला आता दिसत नाय, माणूस हातानं चाचपून वळखते. आजच चल."

राणीने दोरा परत गळ्यात घातला आणि ट्रंक उघडून दुसरा बिल्ला काढून घेतला. एका पिशवीत दोन साड्या भरल्या. जाताना म्हणाली, "डाळ चुलीवर हाय, उतरवा." दोघे दुपारच्या रोह्याच्या गाडीने गेले. विलास माझ्याजवळ बसून राहिले. डाळ त्यांनीच उतरवली.

आज १२ मे, सोमवार. राणीला जाऊन सहा दिवस झाले. निकेश येऊन म्हणाले, "बघ काकी, गेली ना?" मी म्हणाले, "गेली नाही, परत दिली." त्यांना कळले नाही, आणि समजावून सांगायची मला इच्छा नाही. जेवण भाविका पाठवते. घर इतके मोठे आहे हे मला माहीत नव्हते.

आज सकाळी चंदर एकटाच सही करायला आला. मी विचारले, "भेटल्या?" तो म्हणाला, "आईनं गळा चाचपला, बिल्ला हाताला लागला, आणि तिनं नाव घेतलं. दोन दिवस सोडलीच नाय ताईला." मी विचारले, काय नाव? कागदात घालायचे आहे. हा प्रश्न त्याला अपेक्षित होता. तो खाली बघत म्हणाला, "ताई म्हणाली, नाव सांगू नको. त्यांनी बिल्ला ठेवून घेतलेला, आपण नाव ठेवून घेऊ. घर द्यायचं तं द्या, नाय तं नका देऊ." मग म्हणाला, "गुडघ्याचं तेल फडताळात मागं हाय, ते पण सांगितलंय तिनं."

मला वाईट वाटले. खूप वाईट वाटले. पण ती चुकीचे बोलली नाही.

विलास म्हणतात, नुसत्या 'राणी'वर निकेश कोर्टात भांडेल, ओळख पक्की हवी. म्हणून कलम १ कायम ठेवून त्याला एवढी जोड देते, आणि ती या घराच्या नियमाप्रमाणे देते.

राणी या नावाने मी जिला हाक मारत आले, आणि जी सतरा नंबरचे दोन्ही बिल्ले आणून दाखवेल, तिच्या ताब्यात हे घर द्यावे. तिने येथे राहावे, विकावे, पाडावे किंवा कुलूप लावून निघून जावे, तिची मर्जी. तिला नाव विचारू नये. ती कधी येईल असेही विचारू नये. अकरा वर्षांनी आली तरी झटकून पुसून द्यावे. बिल्ला नसेल त्याला देऊ नये, सख्खा बाप आला तरी नाही.

लिहून देणार: हौसाबाई कमळाकर मोकल (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष हौसाबाईंनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. विलास ठाकूर, मूर्तिकार, जोहे (सही)

२. चंदर हिलम, मजुरी, रोहा. सर्व कागद वाचून घेऊन सही केली. (सही)

स्थळ: हिरामणचा उतारा, जुनी बाजारपेठ, पेण.

तारीख १२ मे २०२५, सोमवार. वेळ: रोह्याहून येणारी दुपारची गाडी येऊन गेल्यावर.